समैस्मातला विलायती जिना

थोरल्या भावाने मला कतारला बोलावलं ते एक नकाशा वाचायला. फोनवर तो म्हणाला, "तू ये. पंधरा दिवसांत कळंल, मी सुतार हाय का नुसता खिळे ठोकणारा." मी दिवाळीनंतरची रजा टाकली आणि गेलो. परत आल्यावर कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी उंच इमारती आणि वाळवंटातल्या गाड्यांविषयी विचारलं. त्यांतलं मी फारसं काही पाहिलं नाही. जे पाहिलं ते इथे लिहितो.

आम्ही करमाळ्याचे. वडील सुतार होते. दादा सातवीनंतर त्यांच्याबरोबर रंध्यावर बसला, म्हणून मला पुढे शिकता आलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता तिथल्याच एका पॉलिटेक्निकमध्ये मुलांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. दादा अकरा वर्षं कतारमध्ये आहे. कागदोपत्री तो सुतार, पण काम शटरिंगचं. काँक्रीट ओतण्यासाठी प्लायवुडचे साचे ठोकायचे आणि काँक्रीट सुकलं की उखडून टाकायचे. अकरा वर्षांत त्याच्या हातचं काहीच उभं राहिलेलं नव्हतं.

यंदा त्याच्या कंपनीला समैस्मा गावात एका म्हाताऱ्या कतारी डॉक्टरांचं घर बांधायचं काम मिळालं. घर इंग्लंडमधल्या एका जुन्या व्हिलाची हुबेहूब नक्कल. लाकडी जिना करील असा माणूस कंपनीत कोण, अशी विचारपूस झाली तेव्हा दादाने हात वर केला. ठरलं असं, की जिना पास झाला तर घराची सगळी दारं-खिडक्या दादाकडे. नापास झाला तर जिन्यासकट सगळं लाकूडकाम परदेशातल्या कारखान्यातून तयार येणार आणि दादा परत शटरिंगवर जाणार. मी पोचलो तेव्हा जिना उभा झालेला होता आणि मालक पाहायला यायला सहा दिवस होते.

ओल्ड एअरपोर्ट

दादाच्या कॅम्पमध्ये, म्हणजे कंपनीच्या कामगार वसाहतीत, पाहुण्याला राहता येत नाही. म्हणून मी दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागात, माझा कॉलेजचा मित्र अनिल याच्याकडे उतरलो. नाव ओल्ड एअरपोर्ट असलं तरी भाग साधा आहे. चार मजली इमारती, खाली केरळी दुकानं, सकाळी शाळेच्या बसगाड्या. अनिल नाशिकचा. त्याची बायको स्वाती वहिनी रोज भाकरी करतात, आणि ज्वारीचं पीठ कुठल्या दुकानात ताजं येतं याची त्यांच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज चर्चा चालते.

त्यांच्या आठ वर्षांच्या ईराला मी विचारलं, "तुला मराठी येतं ना?"

"आय अंडरस्टँड एव्हरीथिंग, काका," ती म्हणाली.

"मग बोलत का नाहीस?"

"बिकॉज यू ऑल्सो अंडरस्टँड इंग्लिश."

स्वाती वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भाऊजी, तिच्याशी वाद घालू नका. मी तीन वर्षं हरतेय."

शुक्रवारी सुट्टी असते. अनिल मला गाडीने मेसईदला, दादाच्या कॅम्पवर घेऊन गेला. डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू आणि पुढे कारखान्यांच्या चिमण्या. दादाच्या खोलीत चार पलंग. एक बिहारचा, एक नेपाळचा, एक कोल्हापूरकडचा आणि दादा. दादाने माझ्यासाठी वांग्याचं भरीत केलं होतं. कोल्हापूरकर म्हणाले, "मास्तर, तुमच्या दादानं पंधरा दिवस झाले आमचं डोकं खाल्लंय. झोपेत बी जिना चढतोय."

"चढू दे की," दादा म्हणाला. "तू झोपेत उतरतोस, त्याचं काय?"

जेवण झाल्यावर दादाने पलंगाखालून नकाशांची गुंडाळी काढली आणि सगळ्यांना बाजूला सारून ती अंथरली. मला जुने दिवस आठवले. घरी मी अभ्यासाला बसलो की तो असाच सगळ्यांना गप्प करायचा. आता कागदाच्या त्या बाजूला तो होता आणि विचारत होता, "ह्यो आकडा काय म्हणतो?"

समैस्मा

दुसऱ्या दिवशीपासून मी रोज साइटवर जाऊ लागलो. समैस्मा दोह्याच्या उत्तरेला किनाऱ्यावरचं गाव आहे. समुद्र उथळ. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की तळावर पोरं सायकल चालवतात. कडेने पांढऱ्या, पिवळ्या भिंतींचे बंगले, उंच कुंपणं. त्यांच्यामध्ये एकदम लाल विटांचं, उतरत्या काळ्या छपराचं घर उभं आहे.

साइट इंजिनिअर थॉमस हा कोट्टायमचा. त्याने मला पहिल्या दिवशी घर दाखवलं. आमचं बोलणं हिंदीत. समोरच्या बाजूला खिडकी भिंतीतून बाहेर फुगून आलेली आहे, तीन बाजूंना काचा. इंग्लंडात ती दक्षिणेला होती, ऊन आत यावं म्हणून. इथे तोच उपाय केला असता तर माणूस भाजून निघाला असता, म्हणून सगळं घरच फिरवून ती उत्तरेला आणली आहे. छपराला दगडी पाट्या आहेत, त्यांच्यावरून पाऊस ओघळावा म्हणून. इथे पाऊस वर्षातून मोजके दिवस. दोन धुराडी आहेत. "इनमें धुआँ नहीं, एसी का पाइप जाता है," थॉमस म्हणाला आणि स्वतःच हसला. कोळसा साठवायच्या खोलीत पाण्याचे पंप. दिवाणखान्यात शेकोटीची संगमरवरी चौकट आहे, तिच्यात जाळ कधीच पेटणार नाही.

तरीही घर मला परकं वाटलं नाही. पुढच्या दारातून आत आलं की लगेच डाव्या हाताला पाहुण्यांची खोली. घरातली माणसं मागे. थॉमस म्हणाला, मालकांना हे फार पटतं, कारण कतारी घरातही पुरुष पाहुण्यांची बैठक, म्हणजे मजलिस, अशीच पुढे असते. मला आमची ओसरी आठवली. वाटसरू तिथवर यायचा, तिथेच पाणी प्यायचा.

नकाशावर सगळी मापं मिलिमीटरमध्ये होती. दिवाणखाना ३६५८ बाय ४२६७. मी मुलांना मिलिमीटरच शिकवतो, तरी हे आकडे मला विचित्र वाटले. असलं माप कोण धरतं? दादाने जुनी टेप उलटी फिरवली आणि भिंतीला लावली.

"बारा बाय चौदा," तो म्हणाला. "कागदवाल्यानं उगा अवघड करून ठेवलंय. हे घर फुटात बांधलंय."

खरंच, जिथे टेप लावावी तिथे पुरे फूट येत होते. माजघर दहा बाय बारा. आपल्याकडे गावोगावी खोली अशीच सांगतात. मूळ घर बांधणाऱ्या विलायती गवंड्याच्या आणि माझ्या भावाच्या डोक्यात एकच टेप होती, याचं मला नवल वाटलं.

आणि जिना. दारातून आत आलं की समोरच. एका सरळ रेषेत वर जाणारा, सागवानी. कडेने कातलेले दांडे, प्रत्येक पायरीला दोन. कठडा खाली शेवटच्या खांबापाशी गोगलगाईच्या शंखासारखा गोल फिरून थांबतो. तो शंख दादाने एका ओंडक्यातून पटाशीने काढला होता, आठ दिवस लागले. मी हात फिरवला. कुठे जोड लागत नव्हता.

"शटरिंगवाल्याचं काम वाटतंय का?" त्याने विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं आणि वही काढली.

पुढचे तीन दिवस मी नकाशा आणि काम पडताळत बसलो. जिन्याची रुंदी, लांबी, कठड्याची उंची, दांड्यांची जाडी. सगळं नकाशाबरहुकूम. शेवटी मी पायऱ्या मोजल्या. सतरा. बरोबर, असं मनात म्हटलं आणि वहीत खूण केली. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्या खुणेमुळे झालं.

बुधवार

मालकांना सगळे अबू राशिद म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पांढराशुभ्र झगा, हातात काठी, पण तिच्यावर भार नाही. हिंदी त्यांना चांगली येते, ड्रायव्हरांकडून शिकलेली. आल्यावर त्यांनी आधी कॉफी मागवली. विटांच्या ढिगाजवळ सतरंजी अंथरून आम्ही बसलो. छोट्या, बिनकानाच्या कपात वेलदोड्याची कडू कॉफी. मी कप रिकामा करून खाली ठेवला की वाढणारा माणूस तो पुन्हा भरायचा. नको कसं म्हणावं कळेना. पाचव्या कपाला थॉमस कानात म्हणाला, "सर, कप हिलाइए. नहीं तो शाम तक पिलाएगा." मी कप हलवला. माणूस निघून गेला.

अबू राशिद घराविषयी सांगत होते. वैद्यकी शिकायला ते इंग्लंडात गेले तेव्हा त्या व्हिलात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत भाड्याने राहत. घरमालकीण विधवा होती. तिने पहिल्या हिवाळ्यात त्यांना नवऱ्याचा कोट दिला. ते घर बाहेरून अजून तसंच आहे, पण आत त्याचे सहा फ्लॅट झाले आहेत. मधला जिना काढून तिथे लिफ्ट बसवली आहे.

"तो जिना आता दोनच जागी आहे," ते म्हणाले. "त्या कागदावर आणि माझ्या गुडघ्यांत."

मग ते उठले. काठी थॉमसकडे दिली, बूट काढले आणि कठड्यावर हात ठेवून चढायला लागले. दादा खाली, भिंतीला टेकून उभा. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. म्हातारबुवा न थांबता चढत होते, मान वर, नजर वरच्या खिडकीकडे. शेवटच्या पायरीनंतर त्यांनी पुन्हा पाय उचलला. तिथे पायरी नव्हती. उचललेला पाय जोरात वरच्या मजल्याच्या जमिनीवर आदळला आणि ते पुढे कोलमडले. कठड्याला हात होता म्हणून वाचले. ते मटकन तिथेच बसले.

थॉमस धावत वर गेला. लागलं नव्हतं. मग अबू राशिद वरूनच म्हणाले, "एक कम है."

थॉमसने नकाशा उलगडला आणि एकेक पायरी मोजत खाली आला. शेवटी माझ्यासमोर उभा राहिला. "सर, ड्रॉइंग में अठारह है. ये सत्रह है. आपने चेक किया था ना?"

कागदावर अठरा लिहिलेलं होतं. जाड अक्षरात. सतरा मोजल्यावर मी कागदाकडे पाहिलंच नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं, की पायऱ्या विषम असाव्यात, म्हणजे उजवा पाय पहिल्या पायरीवर टाकला तर उजवाच पाय घरात पडतो. सतरा हा आकडा माझ्या कानाला बरोबर लागला आणि मी खूण केली. पंधरा वर्षं मी मुलांना सांगतो, नकाशात जे आहे ते पाहा, डोक्यात आहे ते नको.

"चूक माझी आहे," मी इंग्रजीत म्हणालो. "तपासायचं काम माझं होतं."

"त्याची न्हाय," दादा मराठीत म्हणाला, मग हिंदीत, अबू राशिदांकडे बघून. "साहब, इसका गलती नहीं. मेरे को मालूम था अठारह है. मैंने जान के सत्रह किया."

थॉमस चिडला. "विष्णू भाई, पागल हो गए क्या? बुड्ढा आदमी गिर जाता तो?"

दादाने मान खाली घातली. त्याने सांगितलं, की आमच्याकडे घराला सम पायऱ्या करत नाहीत. बापाने कधी केल्या नाहीत. सम पायऱ्यांच्या घरात डावा पाय आधी पडतो, ते चांगलं नसतं. मालक म्हातारे आहेत, एवढ्या हौसेने घर बांधतायत, त्यांचं वाईट आपल्या हाताने कशाला करायचं, म्हणून त्याने पायरी थोडी उंच केली आणि एक कमी केली. लांबी तीच राहावी म्हणून पाय ठेवायची जागा अर्धा इंच वाढवली. कुणाला कळणार नाही असं त्याला वाटलं होतं.

"मला न सांगता?" मी हळूच मराठीत विचारलं.

"तू शिकल्याला. तू नको म्हणला असतास."

अबू राशिद सावकाश उतरले आणि तिसऱ्या पायरीवर बसले. दादाला त्यांनी जवळ बोलावलं.

"आम्हीसुद्धा खजूर खातो तर एक, तीन, पाच," ते म्हणाले. "जोडीने नाही. माझी आई सहावा खजूर हातातून काढून घ्यायची. तुझं म्हणणं मला कळतं. वाईट वाटलं नाही."

थॉमसच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. दादाच्याही. पण म्हातारबुवांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण माझं राहायचं घर दोह्यात आहे. तिथे तू बारा जिने सतरा पायऱ्यांचे कर. हे घर शुभ व्हावं म्हणून मी बांधत नाही. ते होतं तसं व्हावं म्हणून बांधतोय. अठरा म्हणजे अठरा."

थॉमस म्हणाला, कारखान्याचा जिना सहा आठवड्यांत येतो, सगळा तयार, ऑर्डर आजच देता येईल. अबू राशिदांनी ऐकून घेतलं आणि दादाला विचारलं, "अठरा सांगितलं तर अठराच करशील? का पुन्हा माझं भलं करशील?"

मी दादाकडे पाहत होतो. खोटं बोलणं सोपं होतं. खाली बसून त्याने सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेवर अंगठा फिरवला.

"घर तुमचं. पाय तुमचा. अठरा करतो," तो शेवटी म्हणाला. "दोन हफ्ता."

"दहा दिन," थॉमस म्हणाला.

अबू राशिदांनी बूट घातले. "दो हफ्ता. यल्ला, चलो." ते गाडीत बसले. जिना पास नव्हता, नापासही नव्हता.

शुक्रवार

माझं परतीचं विमान शनिवारी होतं. शुक्रवारी सुट्टी असूनही थॉमसने साइटची किल्ली दिली. तो कडक माणूस आहे, पण वाईट नाही. जाताना म्हणाला, "सर, इस बार आप मत गिनना."

आम्ही दोघांनी जिना उतरवला. दांडे, कठडा, शंख, एकेक सोडवून भिंतीशी लावलं. पायऱ्यांच्या फळ्या वापरता येणार होत्या, एकच नवी लागणार होती. अर्धा इंच जास्त होता तो कापून टाकायचा. लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही, असं दादा म्हणाला. वाया गेल्या त्या बाजूच्या दोन लांब फळ्या, ज्यांच्यात पायऱ्यांच्या खाचा पाडलेल्या असतात. तेवढं उत्तम सागवान आता फक्त जळणाच्या कामाचं. दादाने त्यांच्याकडे एकदाच बघितलं.

नव्या फळीवर खाचा आखायच्या होत्या. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंची मी मोजली. या वेळी दादाची टेप घेतली, इंचाची.

"साडेदहा फूट," मी म्हणालो. "बरोबर. एक सूतही इकडेतिकडे नाही."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराचं सगळ्यात बारीक माप.

"म्हंजे एकशेसव्वीस इंच," दादा म्हणाला. "सतरानं भागलं तवा सात इंच तीन सूत नि वर काहीतरी येत हुतं. त्या वरच्या काहीतरीनं मला लई छळलं. कुठं जिरवावं कळंना. आता अठरानं भाग."

मी भागलं. "सात."

"सात आणि?"

"सातच. बाकी काही नाही."

दादाने पेन्सिल कानामागून काढली आणि तशीच हातात धरली. "पुन्हा भाग."

मी पुन्हा भागलं. सातच. त्याने काटकोनाचा गुण्या फळीला लावून सात इंचावर पहिली खूण केली, मग दुसरी, मग तिसरी. काहीच जिरवावं लागत नव्हतं. अठरावी खूण फळीच्या नेमक्या जागी पडली. तो मागे सरकून बसला आणि बराच वेळ त्या खुणांकडे बघत राहिला.

"म्या अठरानं भागून बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "अठरा वाचलं नि मनात म्हणलं, ह्या गोऱ्याला काय कळतंय. कळत हुतं की त्याला. त्यानं पायऱ्या न्हाय धरल्या. त्यानं उंची धरली. सात इंच." मग तो हसला, मी आल्यापासून पहिल्यांदा मोकळा. "सात तर विषमच हाय."

मला त्याला सांगायचं होतं की असा काही त्या विलायती सुताराचा विचार नसणार. सात इंच ही चढायला सोयीची उंची असते, आम्ही ती पुस्तकात शिकवतो. मी सांगितलं नाही. कुणाच्या डोक्यात काय होतं ते मला तरी कुठे माहीत होतं? खाचा पाडेपर्यंत आम्ही दोघं मिळून एवढंच बोललो, की कुठली पटाशी दे आणि कुठली धर.

दुपारी कंपनीची गाडी आली. कॅम्पवर पोचेपर्यंत दादा झोपलेला होता, डोकं खिडकीला टेकवून, नखांत सागवानाचा भुसा.

करमाळा

दोन आठवड्यांची मुदत संपली त्या बुधवारी, कॉलेजच्या मधल्या सुट्टीत फोन आला. मुलं व्हरांड्यात ओरडत होती, म्हणून मी मैदानाच्या टोकाला गेलो.

"आज मालक आलं हुतं," दादा म्हणाला.

"मग?"

"बूट काढलं. काठी थॉमसकडं दिली. चढलं."

"पास केला का?"

"तसं काय बोललं न्हाईत."

"मग कळलं कसं?"

पलीकडे रंधा चालल्याचा आवाज येत होता. कुणीतरी हिंदीत खिडकीची चौकट मागत होतं, आणि दादाने फोन बाजूला धरून त्याला, "वो बड़ीवाली, मेरे पास," असं सांगितलं. मग परत माझ्याकडे वळला.

"वर गेल्यावर थांबलंच न्हाईत," तो म्हणाला. "खाली बघितलं बी न्हाय. सरळ चालत त्यांच्या त्या खोलीत गेलं."